गुलमर्गचा जून

स्कीइंगसाठी ख्यातनाम असलेले गुलमर्ग आम्ही जूनमध्ये पाहिले. हिवाळ्यात लग्नसराई, ठाकुर्लीचे दुकान मिटून जाणार कोण? ज्या उतारांवरून बर्फात खेळाडू घसरत येतात, तिथे आता घोडे चरत होते. इंग्रजांचा स्की क्लब १९२७ चा. त्याआधीपासून नावाप्रमाणे हे फुलांचे कुरणच.

गोंडोलाच्या पहिल्या टप्प्यावर, कोंगडोरीला, आई थांबली. गुडघ्यांमुळे नव्हे. वर अफरवटच्या माथ्यावर बर्फ होता, आणि तो दाखवण्याचे वचन दिवंगत बाबांनी दुकानापायी चाळीस वर्षे पुढे ढकलले होते.

“तुम्ही जाऊन या. मला इथून दिसतो.”

चौविहाराची मात्र तिला घाई नव्हती. जूनमध्ये इथला सूर्य ठाकुर्लीपेक्षा सुमारे अर्धा तास उशिरा मावळतो.