ड्रमर की-बोर्डपाशी बसला तेव्हा

क्लाउस शुल्त्से हा इलेक्ट्रॉनिक संगीतातला थोर की-बोर्डवादक, हे सगळेच मान्य करतात. माझ्या मते मात्र त्याच्या पन्नास वर्षांच्या कामाचा उलगडा की-बोर्डापेक्षा ड्रमवरून जास्त होतो. १९४७ साली बर्लिनमध्ये जन्मलेला हा माणूस मुळात ड्रमर. टँजरिन ड्रीमच्या १९७०च्या पहिल्या अल्बमवर आणि पुढच्याच वर्षी आश रा टेम्पेलच्या पहिल्या अल्बमवर ड्रम त्याचे आहेत. १९७२ साली त्याने 'इरलिख्ट' हा स्वतःचा पहिला अल्बम केला. त्यात ड्रम नाहीत आणि नवल म्हणजे सिंथेसायझरही नाही. एक इलेक्ट्रिक ऑर्गन, एक बिघडलेला अॅम्प्लिफायर आणि एका वाद्यवृंदाच्या तालमीचे उलटे फिरवलेले ध्वनिमुद्रण, एवढ्या सामग्रीवर त्याने पाऊण तासाहून जास्त वेळ पेलून धरला. ठोका गेला, पण वेळेचे काय करायचे हा ड्रमरचा प्रश्न त्याच्यापाशीच राहिला.

त्या प्रश्नाला १९७५च्या 'टाइमविंड'मध्ये सीक्वेन्सर मिळाला. एलपीच्या एका बाजूवर सहसा वीस-बावीस मिनिटांचे संगीत असते. इथे दोन्ही बाजूंवर जवळजवळ अर्ध्या-अर्ध्या तासाची एकेकच रचना आहे. बाजू इतकी लांबवली की तबकडीवरच्या खाचा अरुंद होतात आणि आवाज खाली येतो, तरी त्याने लांबीच निवडली. यावर नेहमीचा आक्षेप असा की, सीक्वेन्सर तेच ते स्वर आपोआप वाजवतो, मग वादकाने केले काय? पण स्वर यंत्राच्या स्वाधीन केल्यामुळेच त्याचे हात मोकळे झाले. चक्र फिरत असताना तो फिल्टर हळूहळू उघडतो, नाद धारदार होतो, पुन्हा मऊ होतो. आपल्या कानाला इथे आलापी आठवेल, पण ती तुलना फसवी आहे. आलापीत लय मोकळी असते आणि स्वर फुलत जातो. इथे लय घट्ट, स्वर जवळपास तेच, आणि फुलतो तो नादाचा पोत. शिवाय १९७६च्या 'मूनडॉन'मध्ये त्याने हाराल्ड ग्रोसकोप्फ या जिवंत ड्रमरला सीक्वेन्सरच्या जोडीला बसवले. यंत्र पुरेसे आहे असे त्याला वाटत असते तर याची गरजच नव्हती. यंत्राची अचूक लय आणि माणसाची किंचित पुढेमागे सरकणारी लय यांच्यातला ताण त्याला हवा होता. स्वतः ड्रम वाजवलेल्या माणसालाच तो इतका नेमका ऐकू येतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: त्याने फार केले. २००० साली निघालेला त्याचा एक संच पन्नास सीडींचा होता, आणि त्यातले सगळे सारख्या तोलाचे नाही हे मी मान्य करतो. १९८०च्या 'डिग इट'मध्ये तो संगणकावरच्या डिजिटल नादाकडे वळला. तिथे सफाई आहे, पण आधीच्या 'मिराज' या अल्बममधला तो थंडीतल्या धुक्यासारखा ओलावा मला त्यात सापडत नाही. तरीही मोजक्याच कृती ठेवाव्यात हा निकष इथे लावणे चूक ठरेल. रोज बैठकीला बसणाऱ्या कलावंताची प्रत्येक बैठक सारखी रंगत नाही, आणि म्हणून त्याने बसू नये असे आपण म्हणत नाही. शुल्त्सेचे अल्बम अशा बैठकींसारखे ऐकावेत.

त्याचे विषयही असेच फिरून येत राहिले. १९७८च्या 'एक्स'मध्ये फ्रँक हर्बर्टच्या नावाची रचना होती, १९७९ साली त्याच लेखकाच्या कादंबरीवरून 'ड्यून' आला. २६ एप्रिल २०२२ रोजी शुल्त्से गेला आणि काही आठवड्यांनी 'डेउस अराकिस' प्रसिद्ध झाला. अराकिस म्हणजे त्याच कादंबरीतला वाळवंटी ग्रह. 'ड्यून'मध्ये सेलो वाजवणारा वोल्फगांग टीपोल्ड त्रेचाळीस वर्षांनी इथेही आहे, आणि रचना अजूनही तितक्याच लांब, तितक्याच सावकाश.