निर्मळच्या वाटेवर

चर्चगेटहून विरारची लोकल धरावी, भाईंदर सुटल्यावर वसईची खाडी डोळे भरून पाहावी आणि नालासोपाऱ्याला उतरून पश्चिमेची वाट धरावी. दिवाळी सरून तीन-चार आठवडे लोटलेले असावेत. इमारतींची दाटी संपता संपता केळीच्या बागा, विहिरी, फुलांचे वाफे दिसू लागतात आणि माडांमधून चर्चचे मनोरे डोकावतात.

निर्मळला तळ्याकाठी शंकराचार्यांचे समाधिस्थान आहे. कार्तिक वद्य एकादशीला तेथे जत्रा भरते. याच गावात होली क्रॉस चर्च आहे. जत्रेची गर्दी ओसरते न ओसरते तोच चर्चमध्ये आगमनकाळ सुरू होतो; नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी त्याचा प्रारंभ. हिरव्या पानांच्या चक्रात चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. दर रविवारी एक अधिक पेटवायची. धर्मगुरूंचा झगाही जांभळा. हा काळ मेजवानीचा नव्हे. वाट पाहण्याचा, मन झाडूनपुसून ठेवण्याचा.

ख्रिस्ती माणसाने आपली श्रद्धा इतरांना सांगावी, अशी त्याच्या धर्माची शिकवण आहे. पण ती सांगावी कशी? या परिसराला हा प्रश्न नवा नाही. वाटेवरचे सोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक. तेथे अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे सापडले. नोकरचाकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा मान राखणे हेच खरे मंगलकार्य, असा नवव्या लेखाचा आशय. राजाने धर्म दगडावर कोरला, पण सांगितले ते रोजच्या वागण्याबद्दल!

पुढे १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली. तेव्हा क्रूस आणि तलवार एकाच गलबतातून उतरली, आणि त्या काळच्या जखमा लोकांच्या स्मरणात राहिल्या. १७३९ साली चिमाजीअप्पांनी किल्ला जिंकला. फिरंगी अंमल गेला, पण येथला ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी येथेच राहिला. सत्तेचा आधार सुटल्यावर श्रद्धा सांगायला त्याच्याजवळ उरला तो फक्त शेजार. मला वाटते, वसईच्या ख्रिस्ती जीवनाची खरी परीक्षा तेव्हापासून सुरू झाली.

या परीक्षेत भाषेने मोठा हात दिला. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली. त्यानंतर लॅटिनच्या जागी उपासना मराठीत होऊ लागली. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले, ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले आणि वसई हिरवी राहावी म्हणून चळवळ उभारली. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. २०२४ साली ते गेले. शेजाऱ्याच्या भाषेत बोलावे आणि त्याच्या विहिरीच्या पाण्याचीही काळजी वाहावी, ही त्यांची रीत होती.

आज मात्र वाड्यांच्या जागी इमले उठत आहेत. ओसरी गेली, बंद दारे आली. धर्मांतराचा शब्द निघाला की दोन्हीकडची माणसे सावध होतात. मग काही जण अगदी गप्प बसतात, तर काही नको तितक्या मोठ्याने बोलतात. या दोन्हींच्या मधली वाट आगमनकाळ दाखवतो. गोठ्याचा देखावा करायला पेंढा आणि माती लागते, शेजारची पोरे हात माखून घेतात आणि मधेच विचारतात, “आजी, देवबाळ गोठ्यात कशाला जन्मले?”

“अरे, त्यांना कुणी घरात जागाच दिली नाही ना!”

एवढे उत्तर पुरे. मात्र ते देणाऱ्या आजीच्या घरात मोलकरणीला बसायला जागा हवी, नव्याने आलेल्या भाडेकरूला पाण्याचा तांब्या मिळायला हवा. नाहीतर पोरे देखावा पाहतील, बाकीचेही पाहतील.

आपल्याकडे शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करीत नाहीत. दिवाळीत करंज्या भरून आलेला डबा नाताळात केक घेऊन परत जातो. त्या डब्याबरोबर उपदेश जात नाही, पण घरची खूण जाते. कुणी विचारलेच, तर सांगण्यासारखे पुष्कळ असते.