हलाल पुरेसे व्हावे

कर्ज असलेल्या घरात फोन वाजला की आधी नंबर पाहिला जातो, मग तो उचलायचा की नाही हे ठरते. दारात कुणी आले तर मुलाला सांगितले जाते, "सांग, अब्बा घरी नाहीत." कर्ज फिटायच्या आधीच घरात खोटे शिरते. प्रेषित मुहम्मद (स.) नमाजमध्ये कर्जापासून अल्लाहची पनाह मागत असत. कुणीतरी कारण विचारले, तेव्हा त्यांनी हेच सांगितले की कर्जदार बोलताना खोटे बोलतो आणि वायदा करून मोडतो.

अब्बांच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी मामूंनी आम्हाला 1 लाख 80 हजार रुपये कर्ज-ए-हसना दिले. कागद करायला ते तयार नव्हते. अम्मी म्हणाल्या, "भाईजान, कुरआनातली सर्वांत मोठी आयत कर्ज लिहून ठेवण्याविषयीच आहे. मग आपण का लाजायचे?" सूरह बकराची ती 282 वी आयत. रक्कम आणि मुदत लिहिली, साक्षीदारांच्या सह्या झाल्या.

त्या दिवसांत अम्मींनी मला एक दुआ पाठ करायला लावली. तिरमिजी शरीफमध्ये ती आहे. मोबदला देऊन गुलामीतून सुटण्याचा करार केलेला एक गुलाम हजरत अली (रजि.) यांच्याकडे मदत मागायला आला. त्यांनी त्याला प्रेषितांकडून (स.) शिकलेली दुआ दिली आणि सांगितले की पहाडाएवढे कर्ज असले तरी अल्लाह ते फेडील. या दुआत रकमेचा उल्लेखच नाही. मागणे दोनच: हरामकडे वळावे लागू नये इतके हलाल पुरेसे व्हावे, आणि अल्लाहच्या कृपेने इतर कुणापुढे हात पसरावा लागू नये.

पहिल्या मागण्याचा अर्थ मला मार्चमध्ये कळला. बोर्डाच्या परीक्षेत माझी पर्यवेक्षणाची ड्युटी होती. एका विद्यार्थ्याचे नातेवाईक भेटून म्हणाले, "मॅडम, तुम्ही फक्त खिडकीबाहेर बघत उभ्या राहा." दहा हजार देणार होते, म्हणजे आमचे दोन हप्ते. मी नाही म्हटले. रोज फजरनंतर जे मागत होते, त्याचे उत्तर त्या दारात मलाच द्यायचे होते.

दुसरी एक दुआ प्रेषितांनी (स.) हजरत अबू उमामा (रजि.) यांना शिकवली. ते कर्जाच्या चिंतेत मशिदीत बसले होते. त्या दुआत कर्जाच्या ओझ्याबरोबर आळसापासूनही पनाह मागितली आहे. म्हणून आम्ही हातपाय हलवले. बांगड्या विकून 60 हजार आले. मुलांच्या अब्बांनी रविवारीही काम धरले. ईदला मुलांपुरतेच नवे कपडे घेतले. उरलेले 1 लाख 20 हजार महिन्याला पाच हजारांप्रमाणे दोन वर्षांत फिटले, अल्हम्दुलिल्लाह.

भगिनींनो, दुआ कर्जदाराने करायची, पण देणाऱ्यालाही हुकूम आहे. अडचणीतल्या कर्जदाराला सवड द्या, माफ केले तर आणखी चांगले, असे सूरह बकराची 280 वी आयत सांगते. जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जदारही आहे. एका मय्यतवर कर्ज होते म्हणून प्रेषित (स.) स्वतः जनाजाची नमाज पढवायला थांबले, तेव्हा हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज आपल्यावर घेतले. या रमजानमध्ये जकातीचा हिशेब करताना आपल्याच गल्लीत फोन न उचलणारे एखादे घर आहे का, तेही पाहा. एखाद्याची दुआ कबूल होण्याचा रस्ता कदाचित आपल्या हातून जात असेल.