पाच फुटांच्या खाली

इंटरनेटवर जुन्या घरांच्या नूतनीकरणाचे हजारो फोटो सापडतात. आधी कळकट खोली, नंतर पांढऱ्या भिंती, लाकडी शेल्फ, कोपऱ्यात एक मोठ्ठं झाड. गेले सात-आठ महिने मी असे फोटो रात्री झोपताना बघते आहे. त्यातल्या एकाही भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ नाही.

आमच्याकडे तीन आहेत. सोप्याच्या दाराशेजारी, आतल्या अंगाला, बाबांनी पेन्सिलने ओढलेल्या. सगळ्यात खालची २००५ ची, गुडघ्याच्या जरा खाली. मधली २०२१ ची, मांडीपर्यंत. सगळ्यात वरची २०१९ ची, जमिनीपासून बरोबर पाच फुटांवर. माझी उंची पाच फूट दोन इंच आहे.

घर सांगलीतलं. गावभागात आजोबांनी १९६४ साली बांधलेलं. सोपा, माजघर, स्वयंपाकघर अशा एकामागे एक तीन खोल्या, मागे न्हाणी आणि परसदार. वर एक खोली आणि गच्ची. कृष्णा चालत दहा मिनिटांवर. एरवी ती दिसतही नाही, पण पावसाळ्यात अख्खं गाव आयर्विन पुलापाशी लावलेल्या मोजपट्टीवर जगतं. १९२९ साली बांधलेला हा पूल बाहेरच्यांसाठी पूल असेल, आमच्यासाठी तो फुटांत बोलणारा माणूस आहे. ४० फूट झाले की इशारा, ४५ झाले की धोका. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्या वर, २०२१ च्या जुलैत ५५ च्या जवळ. आमच्या सोप्यातल्या रेघा म्हणजे त्याच आकड्यांची घरगुती आवृत्ती. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, वारणेला किती पाणी आहे, अलमट्टीचे दरवाजे किती उघडले, हे आमच्याकडे शाळकरी पोरंही सांगतात.

अशा घरावर पैसे घालायचेच कशाला, हा दादाचा प्रश्न. तो बंगळुरूला असतो आणि दर दिवाळीला एकदा विचारतो, "विकून विश्रामबागेत फ्लॅट का घेत नाही?" प्रश्न रास्त आहे. विश्रामबाग उंचावर आहे. पण पुराच्या पट्ट्यातल्या जुन्या घराला मिळणारी किंमत आणि तिकडच्या दोन खोल्यांची किंमत यांच्यात जे अंतर आहे, ते भरायचं तर बाबांची सगळी पुंजी जाईल. शिवाय बाबांचं सकाळचं फिरणं, गणपती मंदिर, वाटेवरचा चहावाला, चार मित्र, हे सगळं पायी जाता येईल अशा अंतरात आहे. सत्तरीच्या माणसाला नवीन भागात नवीन मित्र कुठे मिळतात? तेव्हा घर राहणार, हे ठरलं. मग ते कसं राहणार, यावर बोलणं सुरू झालं.

माझी एक मैत्रीण आर्किटेक्ट आहे. पुण्याहून ती माझ्याबरोबर आली, टेप घेऊन दोन दिवस घरभर फिरली आणि तिने एक साधं कोष्टक करायला लावलं. खालच्या मजल्यावरची प्रत्येक वस्तू तीनपैकी एका रकान्यात टाकायची. भिजली तरी चालेल. उचलून वर नेता येईल. दोन्ही नाही. तिसऱ्या रकान्यातली वस्तू नव्या घरात घ्यायचीच नाही.

हे वाटतं तितकं सोपं नाही. सोफा तिसऱ्या रकान्यात जातो. त्यातला फोम एकदा पाणी प्यायला की वास कधीच जात नाही, आणि आमचा जिना अडीच फुटी, वर वळण, त्यामुळे सोफा वर जात नाही. म्हणून सोप्यात लोखंडी दिवाण, वर सुटी गादी. टीव्हीचं भिंतभर युनिट तिसऱ्या रकान्यात. नेटवर दिसतं तसं मॉड्युलर किचन तर सरळ तिसऱ्या रकान्यात, कारण ते बहुतेक वेळा भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचं असतं आणि पाण्यात त्या फळ्या पावासारख्या फुगतात. चांगलं मरीन प्लाय जास्त टिकतं, पण आठवडाभर गढूळ पाण्यात उभं राहिल्यावर त्याच्याही कडा सुटायला लागतात. कडप्प्याचा ओटा, खाली कडप्प्याचेच कप्पे, त्यात स्टीलच्या सुट्या ट्रॉल्या. दिसायला आजीच्या काळातलं. पण पाइपने धुतलं की झालं.

दुसरा रकाना मात्र मोजावा लागतो. उचलता येईल, पण कोणाला? पुराच्या रात्री घरात मी नसते, दादा नसतो. दोघंच असतात. २०१९ ला पाणी चढायला लागल्यावर आई-बाबांनी धान्याचे डबे, भांडी, कपडे, कागदपत्रं, देव, गॅसची शेगडी असं एकेक वर नेलं आणि मग मिरजेला मावशीकडे गेले. जिन्याच्या किती फेऱ्या झाल्या ते दोघांनाही आठवत नाही. त्या ऑगस्टनंतर आईचे गुडघे पहिल्यासारखे राहिले नाहीत. डॉक्टर म्हणतात, झीज आधीपासूनच असणार. आई काहीच म्हणत नाही, फक्त जिना चढताना एका पायरीवर दोन्ही पाय ठेवते.

म्हणून आमच्या नियोजनाला चौरस फुटांबरोबर आणखी एक माप जोडलं गेलं: फेऱ्या. खालचं घर किती फेऱ्यांत रिकामं होतं? मैत्रिणीने आणि मी यादी करून मोजलं तर आजच्या घडीला साठच्या पुढे जात होतं. वॉशिंग मशीन कायमचं गच्चीवरच्या शेडमध्ये गेलं तर एक सर्वांत अवघड फेरी वाचते. गाद्या-रजयांची ट्रंक आणि कागदपत्रांचं कपाट आत्तापासूनच वर. वर्षभराचं धान्य न भरता महिन्याचं भरायचं, आणि तेही कानाच्या पिंपांत, ज्यांना बाबा एका हाताने उचलू शकतील. असं करत करत आकडा वीसपर्यंत आला. नकाशावर हे कुठेच दिसत नाही, पण मला विचाराल तर आमच्या नकाशातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे.

मग भिंतींचा विषय आला. सोपा आणि माजघर यांच्यामधली भिंत काढून मोठा हॉल करायचा, ही माझी लहानपणापासूनची इच्छा. माजघराला एकही खिडकी नाही. भर दुपारी दिवा लावावा लागतो. मिस्त्री आले, त्यांनी भिंतीवर हात फिरवला, जाडी मोजली. दीड विटेची, चौदा इंची. म्हणाले, "ताई, ह्या घरात खांब नाहीत. ही भिंतच खांब आहे. वरची खोली हिच्या डोक्यावर बसलीय."

जुनी घरं अशीच असतात. आजच्या इमारतीत वजन कॉलम आणि बीम घेतात, मधली भिंत नुसता आडोसा असते. लोड-बेअरिंग घरात स्लॅबचं वजन भिंतीतून थेट पायात जातं. ती अख्खी काढता येत नाही. फार तर तिच्यात भोक पाडता येतं. त्यासाठी आधी दोन्ही बाजूंनी टेकू देऊन वरचं वजन तोलायचं, मग लोखंडी गर्डर किंवा काँक्रीटचं लिंटेल बसवायचं, त्याला दोन्ही टोकांना पुरेसा आधार ठेवायचा आणि मगच खालच्या विटा काढायच्या. त्यातही आमच्या भिंतीत दारावर एक तिरपी भेग. बाबा म्हणतात ती १९६७ च्या डिसेंबरमधल्या कोयनेच्या भूकंपाची. मिस्त्रींचं मत वेगळं: पुरानंतर पाया एका बाजूला किंचित बसला असेल. वाद मिटवायला त्यांनी भेगेवर काचेची एक पातळ पट्टी सिमेंटने आडवी चिकटवली आणि तारीख लिहिली. भेग हलत असेल तर काच तडकते. अख्खा पावसाळा गेला, जमीन भिजून फुगली, वाळून आकसली. काच शाबूत आहे. बाबा खूश, भेग भूकंपाची ठरली म्हणून. मिस्त्री खूश, भेग थांबलेली आहे म्हणून.

गिलाव्यावरूनही शिकायला मिळालं. २०२१ नंतर खालच्या भागाचा जुना चुन्याचा गिलावा काढून आम्ही मागितला नसताना एका ठेकेदाराने सिमेंटचा घट्ट गिलावा आणि वर चकचकीत ऑइलपेंट मारला. जाड विटेची भिंत भरपूर पाणी पिते आणि ते सोडायला तिला महिने लागतात. वरून तोंड बांधलं की ओल आतच राहते, मग वर चढते, आणि दोन वर्षांत पापुद्रे आणि लोणा. आता साडेपाच फुटांपर्यंत पुन्हा चुन्याचा गिलावा आणि चुन्याचीच सफेदी करायची. स्वस्त नाही, करणारे कारागीर सापडायला वेळ लागतो, पण भिंतीला श्वास घेता येतो.

बाकीच्या गोष्टी छोट्या आहेत आणि त्यांचे फोटो कोणी काढणार नाही. पाणी आमच्याकडे रस्त्यावरून येण्याआधी मोरीतून येतं. नदी चढली की गटारं उलटी वाहतात आणि न्हाणीच्या जाळीतून बुडबुडे यायला लागतात. म्हणून बाहेर पडणाऱ्या पाइपला एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह. त्याने पूर थांबत नाही, पण काही तास मिळतात, आणि काही तासांत फेऱ्या होतात. विजेचा मुख्य बोर्ड जिन्याच्या वरच्या टोकाला, खालच्या मजल्याचं सर्किट वेगळं, म्हणजे खाली पाणी असताना वर दिवा लागू शकतो. खालचे सगळे प्लग साडेपाच फुटांवर. मोबाइल चार्जिंगला लावून लोळायची सोय गेली. फरशी शहाबादीच, पण पुढच्या दारापासून परसदाराकडे किंचित उतार, दहा फुटांना एक इंच. पाणी उतरताना गाळ ओला असतो तेव्हाच खराट्याने ढकलायचा असतो. एकदा वाळला की तो फावड्याने खणावा लागतो. उतार असेल तर पाणी निम्मं काम करतं.

खरा पेच स्वयंपाकघराचा होता. कागदावर उत्तर सरळ होतं. स्वयंपाकघर वरच्या खोलीत न्यायचं, गच्चीचा थोडा भाग त्यात घ्यायचा. सर्वांत जास्त सामान स्वयंपाकघरात असतं, ते वर गेलं तर फेऱ्या पाच-सहावर येतात. ऊन, वारा, सगळं आहे. दादाने व्हिडिओ कॉलवर नकाशा बघून अंगठा दाखवला. बाबांनी मान हलवली.

आईने चष्मा लावून नकाशा नीट बघितला आणि विचारलं, "पायऱ्या किती गं?"

"सतरा."

"दूधवाला खाली येतो. कचऱ्याची गाडी खाली. शेजारची कोथिंबीर मागायला येते ती खाली. बाबा पेपर वाचत बसतात ते खाली. मी वर एकटी काय करू?" मग जरा थांबून म्हणाली, "पूर आला तीनदा. चहा मी रोज चारदा करते."

कोणीच काही बोललं नाही. मैत्रिणीने नकाशा उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पुन्हा सुरुवात केली. मी तिथेच बसले होते आणि एकच विचार करत होते. आम्ही सगळं घर पंधरा-वीस दिवसांच्या भीतीभोवती रचत होतो. ती भीती खोटी नाही. पाच फुटांची रेघ मला कपाळापर्यंत येते. पण पाण्यापासून वाचवलेल्या घरात जर आईलाच कोपऱ्यात बसावं लागणार असेल, तर आपण नक्की काय वाचवलं?

आता ठरलं आहे ते असं. स्वयंपाकघर खालीच, मागच्या खोलीत, कडप्प्याचं, धुता येणारं. वरच्या खोलीत एक छोटा ओटा, दोन बर्नरची शेगडी, आठवड्याचा शिधा, पुराच्या दिवसांसाठी आणि दिवाळीत आम्ही सगळे जमल्यावर जास्तीच्या चहासाठी. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा. आणि आधी उचलायची जड यादी बाबांच्या वयाला शोभेल अशी ठेवून, पुलाचं पाणी ३५ फुटांवर गेलं की मी किंवा दादा, कोणीतरी एक, गाडीत बसायचं. हा नकाशाचा भाग नाही, पण कागदाच्या कडेला तोही लिहून ठेवला आहे, दोघांच्या सहीनिशी.

सोपा-माजघरातली भिंत राहणार. तिच्यात चार फूट रुंद खिडकी काढायची, वर गर्डर घालून, आणि तशीच दुसरी माजघर आणि स्वयंपाकघराच्या मधल्या भिंतीत, समोरासमोर. माजघरात उजेड येईल हे माझं कारण. आईचं वेगळं आहे. गुडघ्यांमुळे ती आता खुर्चीवर बसून भाजी चिरते, पोळ्या लाटते. मागच्या आठवड्यात मिस्त्री खिडकीची उंची विचारायला आले तेव्हा तिने खुर्ची ओट्यापाशी ओढली, बसली आणि म्हणाली, "हितनं पुढचं दार दिसलं पाहिजे." मिस्त्रींनी तिच्या डोळ्यांच्या रेषेत खडूने खूण केली. जमिनीपासून तीन फूट आठ इंच. दिवाळी झाली की काम सुरू.