पेटीचा मधला थर

पूर्वी बारावी म्हटले की आपल्या घरांतून दोनच शब्द ऐकू यायचे, डॉक्टर आणि इंजिनिअर. ज्यांना ते जमणार नसे त्यांच्यासाठी डी.एड., आयटीआय, नाहीतर घरचे दुकान. आता बीबीए आणि बीएमएस हे शब्दही आले आहेत. तिजारत आपल्याला नवी नाही. बागवानांनी फळे विकली, अत्तारांनी अत्तर विकले, तांबोळ्यांनी पान विकले आणि त्यावर पिढ्या जगल्या. पण व्यापार कॉलेजात जाऊन शिकायचा, त्यासाठी तीन-चार वर्षे आणि घरातली शिल्लक लावायची, हे मात्र नवे आहे. म्हणूनच कॉलेज निवडताना काय बघायचे, हे आपल्याकडे फारसे कुणी कुणाला सांगत नाही. गेल्या वर्षी आमच्या घरी हा प्रश्न आला. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

आमचे सोलापुरात एकत्र कुटुंब आहे. अब्बाजींनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, चाळीस वर्षे डाळिंबाचा व्यापार केला. आता फळांचा गाळा धाकटे दीर सांभाळतात. आम्ही दोघे पती-पत्नी शाळेत शिकवतो, त्यामुळे घरातले फॉर्म, दाखले आणि शाळा-कॉलेजची कामे आमच्याकडे. दिरांची थोरली मुलगी बारावी कॉमर्सला होती. तिच्या मनात काय आहे ते तिने एकदा स्वच्छ सांगितले, "बडी अम्मी, आपल्या भागातली डाळिंबं दुबईला जातात. ती नक्की कशी जातात, कागद कोण करतं, मधल्या माणसाला किती मिळतात, हे मला शिकायचंय." अब्बाजी ऐकत होते. ते म्हणाले, "हे मला चाळीस वर्षांत कुणी शिकवलं नाही. शिकू दे तिला."

शिकायचे ठरले, पण कुठे? जानेवारी उजाडेपर्यंत घरात चार मते झाली होती. दीर म्हणत, सोलापुरातच बीबीए करावे, मुलगी घरी राहील. आम्ही पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांमधल्या बीबीए इंटरनॅशनल बिझनेस या अभ्यासक्रमाकडे बघत होतो. पोरीला मैत्रिणींमुळे एका अभिमत विद्यापीठाची ओढ लागली होती. आणि मुंबईहून तिचे मामू फोनवर सांगत, लहान स्वप्न कशाला, आयआयएमच घ्या.

मामूंचे म्हणणे आम्ही उडवून लावले नाही. इंदूरच्या आयआयएमने २०११ मध्ये बारावीनंतरचा पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम सुरू केला आणि पुढे रोहतकसारख्या इतर आयआयएमनीही तो सुरू केला. दिल्ली विद्यापीठाचे शहीद सुखदेव कॉलेज ऑफ बिझनेस स्टडीज हेही नावाजलेले आहे. सरकारी अनुदानावर चालत असल्याने तिथली फी खासगी संस्थांच्या मानाने कमी, आणि २०२२ पासून प्रवेश सीयूईटी या देशभरच्या परीक्षेतून होतो. पण या परीक्षांत गणित आणि इंग्रजीचा कस लागतो आणि देशभरातली मुले दहावीपासून तयारी करून आलेली असतात. आमच्या मुलीकडे तीन महिने होते. तिच्यासाठी तो दरवाजा उशिरा दिसला. ज्यांची मुले आज नववी-दहावीत आहेत त्यांनी मात्र ही नावे आताच वहीत लिहून ठेवावीत.

अभिमत विद्यापीठाची माणसे शहरातल्या एका हॉटेलात माहिती द्यायला आली होती. दीर, पोरगी आणि आम्ही गेलो. पडद्यावर काचेची इमारत, मोठा तलाव, आणि ठळक अक्षरांत दोन ओळी: सर्वाधिक पॅकेज १२ लाख, प्लेसमेंट १०० टक्के. दीर भारावले. शेजारचा गाळा घेण्यासाठी त्यांनी सात वर्षे पैसे साठवले होते. घरी येताच म्हणाले, "गाळा नंतर बघू. पोरीला तिथंच घालू."

अब्बाजींनी माहितीपत्रक हातात घेतले, चष्मा लावला आणि म्हणाले, "पेटीचा वरचा थर दाखवलाय. मधला कुठाय?"

बाजारात बसणाऱ्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. पेटीत वरच्या थराला मोठी, लाल, डागविरहित फळे लावतात. माल घेणारा जाणता असेल तर वरचा थर बाजूला करून मधे हात घालतो, कारण विकायला मधलाच माल जास्त असतो. कॉलेजचेही तेच. समजा, सात मुलांना नोकऱ्या लागल्या. दोघांना वर्षाला २ लाख, दोघांना अडीच लाख, एकाला ३, एकाला ४ आणि एकाला १२ लाख. सर्वाधिक पॅकेज १२ लाख, हे खरे. सगळ्यांची बेरीज २८ लाख, म्हणून सरासरी ४ लाख, हेही खरे. पण पगार चढत्या क्रमाने लावले तर मधल्या, म्हणजे चौथ्या मुलाला अडीच लाखच मिळाले. सातांपैकी पाच जण सरासरीच्या खालीच आहेत. शाळेत आपण याला मध्यक म्हणतो. आपले मूल त्या कॉलेजात गेले तर बाराव्या लाखापेक्षा या मध्यकाजवळ असण्याची शक्यता कितीतरी जास्त.

१०० टक्क्यांचेही असेच. शंभर टक्के कशाचे? वर्गात बसलेल्या सगळ्या मुलांचे, की ज्यांनी नोकरीसाठी नाव नोंदवले आणि ज्यांना कॉलेजने पात्र ठरवले त्यांचे? आम्ही दुसऱ्या दिवशी फोन करून मध्यक विचारला. "ईमेल करतो" असे उत्तर आले. ईमेल आला नाही.

ही माहिती मिळवायची दुसरी वाट आहे. केंद्र सरकारची एनआयआरएफ ही क्रमवारी २०१६ पासून दरवर्षी निघते. तिच्यात भाग घेणाऱ्या संस्थेला किती मुले दाखल झाली, किती वेळेत पास झाली, किती जणांना नोकरी लागली, त्यांच्या पगाराचा मध्यक किती आणि किती जण पुढे शिकायला गेले, हे आकडे द्यावे लागतात. ते सर्वांना बघता येतात. मात्र एक लक्षात ठेवायला हवे. जाहिरातीत 'मॅनेजमेंटमध्ये अमुक क्रमांक' असे लिहिलेले असते, तेव्हा तो क्रमांक बहुतेक वेळा एमबीएसारख्या पदव्युत्तर शिक्षणाच्या जोरावर मिळालेला असतो. त्याच आवारात चालणारा बीबीए तितकाच चांगला असेल असे त्यावरून ठरत नाही. पदवीचे आकडे वेगळे मागावेत.

आता पुण्याचा पर्याय. इथे आम्हाला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कळली. कॉलेज कोणते, इतकेच मोलाचे आहे आपण त्यात कोणत्या दारातून शिरतो ते. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्यासाठी सीईटी सुरू झाली. १०० प्रश्न, ९० मिनिटे, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पहिल्या वर्षी अनेक पालकांना याचा पत्ताच नव्हता, त्यामुळे सीईटी सेलला त्याच वर्षी पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज असे केले आणि सीईटीशिवाय प्रवेश दिले. शिकवण्यात फार फरक नसेलही. पण पैशात फरक पडतो, आणि तो मुलींच्या बाबतीत मोठा आहे.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे आणि ज्या ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएस गटात येतात, त्यांना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खासगी विनाअनुदानित कॉलेजही यात येते. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे येत नाहीत. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेली जागाही येत नाही. म्हणजे तीच मुलगी, तेच शहर, तीच पदवी, पण एका दारातून गेली तर फी माफ आणि दुसऱ्या दारातून गेली तर गाळ्याचे पैसे गेले. प्रवेश घेण्याआधी त्या कॉलेजचा तो नेमका अभ्यासक्रम महाडीबीटीच्या यादीत आहे ना, हे कॉलेजच्या कार्यालयात विचारून खात्री करावी.

आम्ही बागवान, राज्याच्या ओबीसी यादीत आमची नोंद आहे. पण यादीत असणे वेगळे आणि कागद हातात असणे वेगळे. आपल्याकडच्या शाळेच्या दाखल्यांवर जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. दीर दोन महिने फिरले. शेवटी अब्बाजींच्या थोरल्या भावाच्या जुन्या उर्दू शाळेच्या रजिस्टरमध्ये 'बागवान' अशी नोंद सापडली. त्या निर्गम उताऱ्यावर जातीचा दाखला, मग नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला आणि पडताळणी समितीकडून जात वैधता, अशी साखळी पूर्ण झाली. हे काम मुलगी दहावीत असतानाच अब्बाजींनी करून घेतले होते, म्हणून निभावले. निकालानंतर धावणाऱ्यांना वेळ पुरत नाही. ज्यांची जात कोणत्याही आरक्षित यादीत नाही आणि उत्पन्न व मालमत्ता नियमात बसते, त्या मुस्लिम कुटुंबांना ईडब्ल्यूएसचा दाखला मिळू शकतो, हेही अनेकांना माहीत नसते.

सीईटीत इंग्रजीचा वाटा सर्वांत मोठा होता. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. जानेवारीपासून रोज रात्री इशानंतर तासभर आम्ही तिच्याकडून इंग्रजी उतारे वाचून घेतले. परीक्षा झाली, गुण ठीक आले, आणि यादीतली तीन कॉलेजे बघायला आम्ही पुण्याला गेलो.

तिथे आम्ही इमारत कमी बघितली. कॅन्टीनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या मुली बसल्या होत्या, त्यांच्याशी बोललो. तास नियमित होतात का? शिक्षक कायम आहेत की दर सहा महिन्यांनी बदलतात? इंटर्नशिप कॉलेज मिळवून देते की नुसते पत्र देते? एका कॉलेजात मुलींनी एकमेकींकडे बघून हसून घेतले. तेवढ्यावरच आम्ही ते नाव खोडले. दुसऱ्या कॉलेजात एका मुलीने आपली प्रकल्पाची वही दाखवली. तिने द्राक्ष निर्यातीची सगळी कागदपत्रे, बिल ऑफ लेडिंगपासून पॅकिंग लिस्टपर्यंत, एका खऱ्या कंपनीत बसून तयार केली होती. आमची पोरगी तिच्याजवळ अर्धा तास बसली. परत येताना एसटीत काचेच्या इमारतीचे नाव तिने काढले नाही.

सोलापूरचे कॉलेजही आम्ही तितक्याच काळजीने बघितले. तिथले दोन प्राध्यापक जुने आणि जिव्हाळ्याने शिकवणारे आहेत. पण आंतरराष्ट्रीय व्यापाराचे विषय तिथे नव्हते. रात्री दीर गप्प होते. फीचा प्रश्न सुटला होता, राहिला होता तो मुलीला दोनशे पन्नास किलोमीटर लांब ठेवण्याचा. त्यांच्या पत्नी, आमच्या जाऊबाई, सहसा मोठ्यांपुढे बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "भाईजान, मला दहावीनंतर पाठवलं नाही. हॉस्टेल मी स्वतः बघून येते. मला बरं वाटलं तर पाठवू." त्या आमच्या मिस्टरांबरोबर पुण्याला गेल्या, वॉर्डनला भेटल्या, मुलींच्या खोल्या आणि स्वयंपाकघर बघितले, आणि परत येऊन म्हणाल्या, "पाठवू."

शिक्षण शुल्क माफ असले तरी हॉस्टेल, मेस आणि प्रवासाचा खर्च आपलाच असतो. व्याजाचे कर्ज काढायचे नाही, हे अब्बाजींनी आधीच सांगितले होते. वर्षाचा खर्च आम्ही तीन घरांत वाटून घेतला. गाळ्याचे पैसे गाळ्यासाठी राहिले.

याच दिवसांत आमच्या मोहल्ल्यातल्या एका मुलाने हेच प्रश्न घेऊन हीच कॉलेजे बघितली आणि सोलापूरचे निवडले. त्याच्या वडिलांचे ऑपरेशन झाले होते, संध्याकाळी दुकानात त्याची गरज होती, आणि त्याला पुढे एमबीए करायचे आहे. एमबीएच्या प्रवेशासाठी मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी आणि किमान गुण लागतात. ते सोलापुरातही मिळतात. आमच्या मते त्याची निवडही बरोबरच आहे.

तेव्हा निवड करताना प्रत्येक कॉलेजला एकच प्रश्नावली लावा. या पदवीच्या किती मुलांपैकी किती जण वेळेत पास झाले? मधल्या मुलाचा पगार किती? प्रवेश कोणत्या दारातून, आणि त्या दाराला कोणती सवलत? माफी वगळून घरचा खर्च वर्षाला किती? दुसऱ्या वर्षाची मुले काय सांगतात? आणि आपल्या मुलाला जे शिकायचे आहे ते तिथे शिकवतात का? उत्तरे एका कागदावर शेजारी-शेजारी लिहा आणि घरातल्या सगळ्यांनी, मुलासह, तो कागद वाचा.

आणि घरात नववी-दहावीचे मूल असेल, विशेषतः मुलगी असेल, तर या सुट्टीत आजोबा-पणजोबांच्या शाळेत जाऊन जुन्या रजिस्टरमधला उतारा काढून आणा. उरलेले सगळे त्यानंतर करता येते.