उघडले, चाळले, वाचले

औराद तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी शिकवते. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली. बीदर आणि गुलबर्गा (आताचं कलबुर्गी) तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. औराद, भालकी, बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातलं आळंद या भागांत मराठी शाळा मात्र राहिल्या. मुलांची पुस्तकं मराठीत असतात, आमचं प्रशिक्षण बहुतेक वेळा कानडीतून होतं आणि वर्गात पोरं घरून मराठी, कानडी, उर्दू, लमाणी अशा चार बोली घेऊन येतात. कानडी मला चांगली येते, त्याबद्दल तक्रार नाही. पण पहिलीच्या मुलाला मराठी वाचायला कसं शिकवावं, हे मराठीतच समजून घ्यायला हवं असं मला नेहमी वाटत आलं आहे.

२०२० साली ऑक्टोबरात शिक्षकांसाठीचं ‘निष्ठा’ हे सरकारी प्रशिक्षण ‘दीक्षा’ या ऑनलाइन मंचावर आलं. मॉड्यूल उघडायचं, व्हिडिओ बघायचा, पीडीएफ वाचायची, शेवटी प्रश्न सोडवायचे. घरबसल्या शिकता येतं, हे आमच्यापैकी अनेकांनी तेव्हा पहिल्यांदा अनुभवलं. त्यातूनच पुढे आम्हा काही शिक्षकांच्या मनात आलं की प्रारंभिक वाचनावर आपला एक छोटा मराठी अभ्यासक्रम करावा. सरकारी नव्हे, आपल्यापुरता. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने ‘मूडल’ बसवून दिलं. ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायची, २००२ पासून चालत आलेली ही फुकट, मुक्त प्रणाली आहे आणि जगभरच्या शाळा-कॉलेजांत वापरली जाते. मजकूर जमवायचं आणि चढवायचं काम माझ्याकडे आलं.

पहिला घटक म्हणून मी ६२ पानांची एक पीडीएफ चढवली. खाली पर्याय होता : शिक्षकाने फाइल उघडली की ‘पूर्ण’ अशी नोंद व्हावी. मी तो निवडला. दोन दिवसांत अहवालाचं पान हिरवंगार झालं. अभ्यासक्रमात आलेल्या चाळीसेक शिक्षकांपैकी तिघे सोडले तर सगळ्यांच्या नावापुढे पूर्णतेची खूण होती. त्या तिघांत निवृत्तीला आलेले एक गुरुजी होते, त्यांच्यापुढे शून्य टक्के. मी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर तिघांची नावं घालून लिहिलं, ‘कृपया घटक पूर्ण करावा.’ दोघांनी लगेच हात जोडल्याची चित्रं पाठवली आणि तासाभरात त्यांचीही टक्केवारी शंभर झाली. गुरुजींचं उत्तर आलं नाही.

पुढच्या रविवारी भालकीत एका शाळेत आम्ही बसलो. मी विचारलं, ‘चौदाव्या पानावर जे म्हटलंय ते तुमच्या वर्गाला लागू पडतं का? मूल अक्षर ओळखतं, पण शब्द जुळवत नाही, त्या मुलाचं?’ कोणी बोलेना. हिरव्या खुणा मिळवलेली माणसं एकमेकांकडे बघत होती. ही माणसं कामचुकार नाहीत, त्यांना मी वर्षानुवर्षं ओळखते. फाइल उघडली की काम झालं, असं त्यांना माझ्याच अभ्यासक्रमाने सांगितलं होतं.

तेव्हा गुरुजींनी कापडी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. कोणीतरी त्यांना ती पीडीएफ मोबाईलवर पाठवली होती. उदगीरला जाऊन झेरॉक्सच्या दुकानात त्यांनी ती छापून घेतली, पानं दोऱ्याने शिवली आणि समासात लाल शाईने लिहीत सगळी वाचली. अभ्यासक्रमात शिरून ती उघडलीच नसल्याने शून्य टक्के.

‘मी रोज वाचूलालो बाई,’ ते म्हणाले. ‘त्या मोबाईलला कळंना, त्याला मी काय करू?’

मी ते कागद हातात घेतले. अकराव्या पानावर वाचनातल्या चुका नोंदवायचा एक मोठा तक्ता होता. एक अक्षर चुकीचं उच्चारलं की एक चूक, असा त्याचा हिशेब. त्या तक्त्याच्या कडेला गुरुजींनी लिहिलं होतं की ज्या पोरांच्या घरी उर्दू बोलतात ती ‘फळा’चं ‘फला’ करतात आणि ‘काळा’चं ‘काला’. त्यांच्या बोलीत ‘ळ’ नाही. पोरगं शब्द बरोबर वाचतं, अर्थ सांगतं, बोट दाखवून फळा कुठे आहे ते दाखवतं. खाली एक ओळ अधोरेखित केली होती : ‘ही वाचनाची चूक नव्हे. इथे खूण करू नये.’ पुढे त्यांच्या वर्गातल्या चार मुलांची नावं आणि त्यांनी वाचलेले शब्द होते.

त्या दिवशी सगळ्यांसमोर मी गुरुजींची माफी मागितली. त्यांचं नाव मी ग्रुपवर सगळ्यांसमोर टाकलं होतं, म्हणून माफीही सगळ्यांसमोरच मागायला हवी होती. जी चूक ते पोरांच्या बाबतीत करू नका म्हणत होते, तीच मी त्यांच्या बाबतीत केली होती.

भाच्याला फोन केला तेव्हा त्याने मला ‘स्कॉर्म’बद्दल सांगितलं. अभ्यासाचा मजकूर आणि तो चालवणारी प्रणाली यांनी एकमेकांशी कसं बोलावं याचे हे ठरलेले नियम आहेत. अमेरिकेत ते बनले आणि त्यांची १.२ ही आवृत्ती २००१ ची असूनही अजून सगळीकडे चालते. पीडीएफ नुसती टांगून ठेवण्याऐवजी तिची पानं अशा पुड्यात बांधली की शिकणारा कुठल्या पानावर थांबला ते लक्षात राहतं, पुन्हा उघडल्यावर तेच पान समोर येतं. या आवृत्तीत धड्याच्या स्थितीसाठी सहाच शब्द आहेत : उत्तीर्ण, पूर्ण, अनुत्तीर्ण, अपूर्ण, चाळला आणि हातच लावला नाही. सहांत ‘चाळला’ आहे हे ऐकून मला बरं वाटलं. आपल्या भाषेत उघडणं, चाळणं, वाचणं आणि उमजणं ही चार वेगळी क्रियापदं आहेत आणि मी त्यांतल्या पहिल्यालाच शेवटचं समजून बसले होते.

६२ पानं कशी तोडावीत याचा विचार करताना मला वडिलांचा गुरुचरित्राचा सप्ताह आठवला. गुरुचरित्रातलं गाणगापूर कलबुर्गी जिल्ह्यातलंच. आमच्या घरी मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या आधी पारायण व्हायचं. पोथीत रोज कुठे थांबायचं ते ठरलेलं असतं, तिथे वडील मोरपीस ठेवायचे. दुसऱ्या दिवशी दहाव्या अध्यायापासून एकविसाव्यापर्यंत, म्हणजे बारा अध्याय होतात. पाचव्या दिवशी मात्र ३६ ते ३८ एवढे तीनच. लहानपणी मला वाटायचं, पाचव्या दिवशी वडिलांना सोपं. मग एकदा शेजारी बसून ऐकलं, तेव्हा छत्तिसावा अध्याय केवढा लांब आहे ते कळलं. ज्याने ही वाटणी केली त्याने अध्याय मोजले नाहीत, वाचणाऱ्याचा दम मोजला.

तसंच केलं. ६२ पानांचे नऊ तुकडे झाले, तेच नऊ घटक. कुठला तुकडा तीन पानांचा, कुठला बारा. प्रत्येकाच्या शेवटी एकच काम ठेवलं. त्याला बरोबर-चूक असं उत्तर नव्हतं : ‘तुमच्या वर्गातल्या एका मुलाला हे करून बघा आणि काय झालं ते चार ओळींत लिहा.’ चार ओळी आल्या की पूर्णतेची खूण. पान उघडल्याची नोंद राहू दिली, पण तिच्यावर काही अवलंबून ठेवलं नाही.

मजकुराची दुरुस्ती हे सगळ्यांत कंटाळवाणं काम निघालं. कितीतरी पीडीएफ युनिकोडच्या आधीच्या डीटीपी फॉन्टमधल्या होत्या. कागदावर सुंदर दिसतात, पण मजकूर उचलला की वाचता न येणारी अक्षरं. काही तर पुस्तकाचे फोटोच होते, एकेक फाइल चाळीस-पन्नास एमबीची. सीमेवरच्या गावांत मोबाईल कधी इकडचा टॉवर पकडतो, कधी महाराष्ट्रातला, तर कधी काहीच नाही. तिथे पन्नास एमबी म्हणजे संध्याकाळ गेली. मग रोज रात्री एक-दोन पानं, असं करत सगळं हाताने पुन्हा टाइप केलं. मूडलचं अ‍ॅप धडा उतरवून ठेवू देतं आणि रेंज आल्यावर नोंद वर पाठवतं, त्याचा फार उपयोग झाला.

वेबवरच्या पानांचं दुखणं वेगळं. नुसती लिंक दिली तर शिक्षक अभ्यासक्रमातून बाहेर जातो. त्याने टिचकी मारली एवढं कळतं, पुढे काय वाचलं ते नाही. तेच पान अभ्यासक्रमाच्या चौकटीत बसवायला गेलं तर अनेक संकेतस्थळं नकार देतात आणि पांढरा चौकोन दिसतो. सुरक्षेसाठी ती तसं करतात, त्यात गैर काही नाही. शिवाय सुट्टीनंतर बघावं तर काही लिंक मेलेल्या. म्हणून जिथे परवाना मोकळा आहे, उदाहरणार्थ मराठी विकिपीडिया, तिथला मजकूर श्रेय देऊन आणि त्याच परवान्याने आमच्या पानावर घेतला. जिथे परवानगी नाही तिथे लिंकच ठेवली आणि खाली दोन ओळींत लिहिलं की तिथे काय वाचायचं आणि परत येऊन काय सांगायचं.

नव्या रूपातला पहिला अहवाल आला तेव्हा मी नावांचा रकाना मुद्दाम झाकला. पानांचा रकाना बघितला. बहुतेक सगळे एकाच ठिकाणी थांबले होते : जुन्या अकराव्या पानावर, त्या चुकांच्या तक्त्यावर. मी माझ्या मुलाचा जुना मोबाईल घेऊन तेच पान उघडलं. सात रकाने होते आणि पडद्यावर अडीच दिसत होते. उरलेले बघायला बोटाने सरकवावं तर धडाच पुढे जायचा. तिथे माणसं आळस करत नव्हती, तिथे रस्ताच बंद होता. गुरुजींनी तर कागद आडवा धरून वाचलं होतं.

तो तक्ता मी मोडला. प्रत्येक रकान्याचं एक छोटं पान केलं आणि ‘ळ’बद्दल गुरुजींनी लिहिलेली ओळ त्यांच्या परवानगीने त्यात घातली. पुढच्या आठवड्यात औरादहून आणि आळंदहून चार-चार ओळी येऊ लागल्या. एका बाईंनी लमाणी तांड्यावरच्या मुलीबद्दल लिहिलं, ती चित्रं बघून अख्खी गोष्ट लमाणीत सांगते आणि मग तीच मराठीत वाचते. त्या चार ओळी मी पुढच्या घटकाच्या सुरुवातीलाच लावल्या.

अशा नोंदी कोण बघणार, हा प्रश्न आमच्यात बराच चर्चिला गेला. काहींचं म्हणणं होतं की यादी वरच्या अधिकाऱ्यांना द्यावी, म्हणजे लोक गंभीरपणे करतील. माझं मत ठाम आहे : ज्या दिवशी टक्केवारी वर जाईल त्या दिवशी लोक टक्केवारीच करतील, वाचणार नाहीत. आमच्यात असं ठरलं की प्रत्येकाला स्वतःची नोंद दिसेल, मला पानांची दिसेल आणि नावानिशी यादी कुठेही जाणार नाही. ग्रुपवर नावं टाकणं कायमचं बंद.

अभ्यासक्रमात आता एक छोटा बदल कायम आहे. प्रत्येक घटकाखाली शिक्षकाने स्वतः टिक करायची एक ओळ दिसते : ‘कागदावर वाचले.’ ती टिक केली आणि चार ओळींचा फोटो पाठवला की घटक पूर्ण धरला जातो. गुरुजी यंदा निवृत्त झाले. जाण्याआधी त्यांनी नऊच्या नऊ घटकांखाली ती टिक केली आणि दोऱ्याने शिवलेला गठ्ठा आमच्या शाळेच्या कपाटात ठेवायला दिला.