एकसर जोडणी

गेल्या महिन्यात मुलीच्या हायब्रिड गाडीची बॅटरी बदलली. मी सध्या तिच्याकडे टेक्सासमध्ये आहे, त्यामुळे हा सोहळा जवळून पाहिला. गाडी सोळा वर्षांची. आधी मागच्या सीटजवळचा पंखा घोंघावू लागला, मग पेट्रोल जास्त लागू लागले (इथे त्याला गॅस म्हणतात, ते काही माझ्या जिभेवर बसत नाही), आणि एका दुपारी समोर लाल त्रिकोण पेटला.

बॅटरी म्हटल्यावर मला आठवला तो नेहमीचा चौकोनी डबा. तसा १२ व्होल्टचा डबा याही गाडीत असतो. पण हायब्रिडची मोठी बॅटरी वेगळी. प्रियसचेच उदाहरण घ्या. ही गाडी जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये आली. तिच्या २००४ ते २००९ च्या पिढीत मागच्या सीटच्या पाठीमागे निकेल-मेटल हायड्राइडचे १६८ सेल असत, सहा-सहाचे २८ संच करून. एक सेल जेमतेम १.२ व्होल्टचा, पण सगळे मिळून २०१.६! मुलीची गाडीही याच जातीची. म्हणून मेकॅनिकने रबरी हातमोजे घातले, नारिंगी खटका ओढून काढला आणि मग काही मिनिटे नुसता थांबला. एवढ्या घाईच्या देशात त्याचे ते थांबणे मला फार आवडले.

हे सारे सेल एकसर जोडणीत असतात. शाळेच्या शास्त्राच्या पुस्तकातला हा शब्द किती नेमका आहे पाहा. सगळे एकाच सरात ओवलेले, त्यामुळे एक कमजोर झाला की भार सगळ्यांनाच.

मेकॅनिकने एक फुगलेला संच दाखवला. म्हणाला, एवढाच बदलू, थोडक्यात भागेल. अख्खी नवी बॅटरी घ्यायची तर गाडी विकून जेवढे येतील, जवळजवळ तेवढा खर्च. जावयांचा कल अर्थातच पहिल्याकडे. हिशेब म्हणून त्यात गैर काही नव्हते.

पण आमच्या गावाकडे बॅटरी म्हणजे हातातली विजेरी. तीन सेलची. उजेड पिवळा पडला की सेल उन्हात ठेवायचे, म्हणजे आणखी दोन रात्री निघायच्या. दोन जुन्यांत एक नवा घालून मात्र कधी फार दिवस भागले नाही. इथे तर बाकीचे संचही त्याच टेक्सासच्या उन्हात, तितकीच वर्षे राबलेले. आज हा गेला, दिवाळीला दुसरा जाईल.

आणि गाडी आता नातीला मिळणार. कॉलेज सुटल्यावर कामावर जाऊन ही पोर रात्री हायवेने एकटी परतणार. मी जावयांना म्हटले, "अहो, अकरा वाजता ती रस्त्यात अडकली, तर तुम्हीच जाणार ना आणायला?" ते हसले. मुलगी काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी नवीच मागवली.

जुनी परत दिली की काही ठेव परत मिळते, कारण आतले निकेल काढून पुन्हा वापरतात. ते एक बरे.

बॅटरी थंड ठेवणारा पंखा मागच्या सीटशेजारच्या जाळीतून हवा ओढतो. नेमकी तिथेच नातीची बॅग, स्वेटर आणि वर कुत्रा! नवी बसवण्याआधी पंखा उघडला तेव्हा मूठभर केस निघाले. आता शनिवारी व्हॅक्यूम फिरवायचे काम मी मागून घेतले आहे. कुत्रा मात्र अजून तिथेच बसतो.